एका खाटेवरचे दोन आजार

मधुमेह आणि हार्ट फेल्युअर हे दोन आजार वैद्यकाच्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरणांत मांडलेले असतात, मोठ्या रुग्णालयांत त्यांचे विभाग वेगळे असतात आणि त्यांवर उपचार करणारे तज्ज्ञही वेगळे असतात. परंतु पुष्कळदा हे दोन्ही आजार एकाच शरीरात मुक्कामाला असतात आणि त्या शरीराची देखभाल करणारी परिचारिकाही एकच असते. एका तज्ज्ञाची सूचना दुसऱ्याच्या सूचनेला छेद देते, तेव्हा तो पेच केसपेपरवर सहसा दिसत नाही. तो दिसतो तहानलेल्या रुग्णापुढे पाण्याचा पेला धरताना, सुजलेल्या पायाखाली उशी सरकवताना किंवा घामाने भिजलेल्या माणसाला साखर द्यावी की डॉक्टरांना बोलवावे हे ठरवताना. या दोन आजारांच्या शुश्रूषेचा खरा विषय म्हणजे हे सांधे होत, आणि प्रस्तुत प्रकरणात मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

हार्ट फेल्युअर हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते, कारण त्याचा अर्थ ‘हृदय बंद पडले’ असा घेतला जातो. वास्तविक हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, आणि हृदयाची रक्तवाहिनी तुंबून येणारा हार्ट अटॅकही नव्हे, जरी अटॅकनंतर हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हा विकार जडू शकत असला तरी. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमेनासे होणे, ही त्याची सोपी व्याख्या. काहींच्या बाबतीत हृदयाचा स्नायू सैल पडून त्याचे आकुंचन कमजोर होते, तर काहींच्या बाबतीत तो ताठर झाल्यामुळे हृदय नीट भरतच नाही. दोन्हींचा परिणाम मात्र सारखाच होतो: मूत्रपिंडांकडे पुरेसे रक्त न पोचल्याने शरीरात पाणी कमी पडले आहे असा त्यांचा समज होतो, ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, आणि मग हे जादा पाणी पायांत, पोटात व फुफ्फुसांत साचत जाते. घोट्यावर सूज, जिना चढताना धाप आणि आडवे झाल्यावर घुसमट ही सारी त्या साचलेल्या पाण्याचीच लक्षणे होत. म्हणूनच अनुभवी परिचारिका ‘दम लागतो का?’ एवढेच विचारून थांबत नाही, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ती विचारते, ‘काका, रात्री किती उशा घेऊन झोपता?’ गेल्या महिन्यात एक उशी होती आणि आता तीन लागतात, हे उत्तर पुष्कळ काही सांगून जाते.

मधुमेहाचा या विकाराशी असलेला संबंध बराच काळ केवळ ‘मधुमेहामुळे रक्तवाहिन्या तुंबतात आणि म्हणून हृदय बिघडते’ इतकाच समजला जाई. 1972 मध्ये न्यूयॉर्कमधील रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार मधुमेही नोंदवले, ज्यांना हार्ट फेल्युअर होते, पण शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्यांत त्याला कारण ठरेल असा अडथळा आढळला नाही. म्हणजे मधुमेह थेट हृदयाच्या स्नायूवरही घाला घालू शकतो. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात 1948 पासून चाललेल्या प्रसिद्ध पाहणीतून असे दिसले की, मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण इतर पुरुषांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत ते इतर स्त्रियांच्या सुमारे पाचपट होते. भारतात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली आहे; आणि 2013 मध्ये तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांत हार्ट फेल्युअरमुळे दाखल झालेल्या 1,205 रुग्णांची जी नोंदवही ठेवली गेली, तिच्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह होता. तेव्हा ही जोडगोळी अपवाद म्हणून नव्हे, तर नेहमीची गोष्ट म्हणूनच वॉर्डात येते असे धरून चालावे.

या रुग्णाच्या शुश्रूषेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी किंवा मांस रातोरात दोन किलोंनी वाढत नाही, पाणी वाढू शकते. त्यामुळे रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहापूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करून ते वहीत मांडणे, आणि तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढल्यास धाप लागण्याची वाट न पाहता कळवणे, हा साधा नियम आहे. मधुमेह मात्र या साध्या नियमातही गुंता करतो. साखर ताब्यात नसली की शरीरातील स्नायू व चरबी झिजत जातात. अशा वेळी एकीकडे मांस घटत असते, दुसरीकडे पाणी साचत असते, आणि काटा दोन्हींची बेरीज करून ‘वजन तेवढेच आहे’ असा दिलासा देत राहतो. याउलट इन्शुलिन नव्याने सुरू झाले की वजन वाढते, ते काही अंशी अंग भरल्यामुळे आणि काही अंशी इन्शुलिन शरीरात मीठ धरून ठेवत असल्यामुळे. म्हणून काट्याच्या जोडीला अंगठाही लागतो: नडगीच्या हाडावर काही सेकंद दाबून धरायचे आणि उचलल्यावर खड्डा राहतो का, किती वेळ राहतो, हे पाहायचे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात पाणी पायांत न उतरता कमरेखाली माकडहाडाच्या भागात साचते. तेथे कोणी पाहत नाही, आणि मधुमेह्याच्या त्याच सुजलेल्या, ताणलेल्या त्वचेवर शय्याव्रण सर्वांत लवकर होतात.

दुसरा पेच तहानेचा आहे. रक्तातील साखर साधारण 180 मिलीग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीवाटे उतरू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून मधुमेह्याला तहान लागते आणि ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला त्याने वर्षानुवर्षे ऐकलेला असतो. हार्ट फेल्युअर बळावल्यावर मात्र काही रुग्णांना दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घालून दिली जाते. ती प्रत्येकाला लागू नसते हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे, कारण सरसकट सर्वांचे पाणी तोडणे हा आपल्याकडे एक आवडता अतिरेक आहे. जेथे मर्यादा आहे, तेथे केवळ ‘कमी प्या’ असे सांगणे निरुपयोगी ठरते. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवणे, मोठा तांब्या बाजूला करून लहान पेला देणे, गोळ्यांसाठी लागणारे पाणीही त्याच बाटलीतले घेणे, आणि चहा, ताक, आमटी, पेज हे सारे पाण्यातच धरणे, असा हिशेब घरच्यांसमोर एकदा करून दाखवावा लागतो. तहान फारच वाढली असेल तर आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी. साखर चढलेली असताना पाणी नाकारणे म्हणजे मूळ कारण तसेच ठेवून रुग्णाला शिक्षा देणे होय. विदर्भातल्या मे महिन्यात घामावाटेच इतके पाणी जाते की थंडीत घालून दिलेली मर्यादा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा तशीच चालू ठेवली तर रुग्ण उभा राहताच भोवळ येऊन पडतो. तेव्हा ऋतू बदलला की हा हिशेब डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावा.

लघवीच्या या गोळीबद्दल एक व्यवहाराची बाब सांगितली पाहिजे. ती सकाळी घ्यावी, दुसरी मात्रा असेल तर ती दुपारी चारच्या आत घ्यावी, म्हणजे रात्री उठाउठी होत नाही. एसटीने दूरचा प्रवास असेल त्या दिवशी मात्र कित्येक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, ती गोळी गुपचूप टाळतात, कारण वाटेत कोठे सोय होईल याची खात्री नसते. त्यांना रागावण्यापेक्षा त्या दिवशी गोळीची वेळ कशी सरकवायची, हे आधीच विचारून ठेवायला सांगणे शहाणपणाचे आहे.

मिठाचा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो, वॉर्डात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, मीठ सुचवले आहे. मराठी जेवणात हा चमचा भाजी-आमटीनेच संपत येतो आणि वर पापड, लोणचे, फरसाण, चटणी, कोकण-गोव्याकडे सुके बोंबील आणि खारवलेली मासळी यांची भर पडते. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातही सोडियम असते. पोट जड झाले म्हणून पाण्यात सोडलेल्या फसफसणाऱ्या पावडरीतही ते असतेच. उपवासाचे शेंदेलोण म्हणजे मीठ नव्हे, ही समजूत तर फार खोल रुजलेली आहे. रंग आणि नाव बदलले तरी शेंदेलोण हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्याच उपवासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी मधुमेह्याची साखर भरभर चढवते, म्हणजे एका पदार्थात दोन्ही आजारांची सोय झाली. यावर तोडगा म्हणून कोणी दुकानातून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणते, तेव्हा अधिकच सावध राहावे लागते: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते, आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या काही गोळ्या आधीच शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेली असतील तर हे वाढलेले पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवू शकते. आजाऱ्याला भेटायला येताना कौतुकाने आणलेले शहाळेही याच कारणाने सर्वांना मानवत नाही.

साखर उतरण्याचा, म्हणजे ती 70 मिलीग्रॅमच्या खाली जाण्याचा, प्रसंग या रुग्णांत ओळखणे अवघड असते. एरवी अशा वेळी हात थरथरतात, छाती धडधडते आणि रुग्ण स्वतःच सांगतो. हार्ट फेल्युअरसाठी दिले जाणारे बीटा ब्लॉकर या गटातील औषध नेमकी ही धडधड आणि थरथर दाबून टाकते. ते घाम मात्र दाबत नाही. म्हणून अचानक फुटलेला गार घाम, असंबद्ध बोलणे किंवा एरवी शांत असलेल्या आजोबांची चिडचिड दिसली की आधी साखर तपासावी, कारण हा घाम हार्ट अटॅकचाही असू शकतो आणि मधुमेहाने नसा बधिरलेल्या माणसाला त्या अटॅकमध्ये छातीत दुखतेच असे नाही. साखर उतरलेली निघाली आणि रुग्ण शुद्धीवर असला तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्यावे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा संकेत आहे. पाण्यावर मर्यादा असलेल्या रुग्णाला मोठा पेलाभर सरबत पाजण्याऐवजी तीन चमचे ग्लुकोज अर्ध्या कपात विरघळवून दिले तरी काम तेवढेच होते.

साखर उतरण्याचे एक कारण शुद्ध यांत्रिक आहे. भारतात इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या आणि 100 युनिट असलेल्या, आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. 40 ची बहुधा लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. 100 ताकदीचे इन्शुलिन चुकून 40 च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले तर रुग्णाच्या अंगात अडीचपट मात्रा जाते. घरी सोडताना बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून, दोन्हींवरचा आकडा नातेवाइकाकडून मोठ्याने वाचून घेण्याला दोन मिनिटे लागतात.

औषधांच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत पुष्कळ उलथापालथ झाली. पायोग्लिटाझोन हे साखरेचे एक लोकप्रिय औषध शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते वर्ज्य मानले जाते. तरीही जुन्या चिठ्ठीवरच्या एकत्रित गोळीत ते लपलेले असू शकते, आणि रुग्णाने पिशवीतून काढून टेबलावर ओतलेल्या गोळ्यांच्या ढिगात ते प्रथम सापडते बहुधा परिचारिकेलाच. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही त्याच पिशवीत असतात. त्याही मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात.

दुसरीकडे, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी ग्लिफ्लोझिन गटातील औषधे, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी, मधुमेहासाठी म्हणून आली आणि हार्ट फेल्युअरवरचे प्रमुख उपचार होऊन बसली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मधुमेहींत हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळले. 2019 मध्ये डापाग्लिफ्लोझिनचा लाभ मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही होतो हे दिसले. दोन आजारांना एकच गोळी लागू पडावी, ही दुर्मीळ गोष्ट येथे घडली आहे.

तिची देखरेख मात्र बारकाईची आहे. ही गोळी चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर येणारच, तेव्हा तो अहवाल पाहून घाबरायचे नाही, हे घरच्यांना सांगून ठेवावे. लघवीतील साखरेमुळे जननेंद्रियांच्या भागात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्त्रिया हा त्रास डॉक्टरांना सांगायला लाजतात, सिस्टरला सांगतात, तेही सिस्टरने आपणहून विचारले तर. अधिक गंभीर धोका कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे इन्शुलिन कमी पडल्यामुळे शरीर चरबी जाळू लागून रक्त आम्लधर्मी होण्याचा. एरवी अशा वेळी साखर खूप चढलेली असते, परंतु ही गोळी घेणाऱ्यात ती जवळजवळ नेहमीइतकीही असू शकते. मळमळ, उलट्या आणि खोल, जोरजोराचा श्वास दिसतो, तो श्वास हार्ट फेल्युअरचा समजला जातो आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून सर्व निर्धास्त होतात. उलट्या-जुलाब, मोठी शस्त्रक्रिया आणि हरतालिकेसारखा निर्जळ उपवास हे असे प्रसंग ओढवण्याचे दिवस होत. त्या काळात ही गोळी तात्पुरती कधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यावे.

पाय हा या जोडगोळीचा सर्वांत हलाखीचा प्रदेश. हार्ट फेल्युअरने पाय सुजतात आणि मधुमेहाने ते बधिर होतात. त्यामुळे रुतणारी चप्पल रुतते आहे हे कळत नाही. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांच्या बाबतीत याला जोडव्यांची भर पडते. बोट सुजत जाते, जोडवे मात्र तेवढेच राहते आणि त्याखालची त्वचा चिरते. चांदीच्या कड्याआड लपलेली ती जखम वास येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. जोडवी उतरवणे हा अनेकींच्या दृष्टीने सौभाग्याचा प्रश्न असल्याने तेथे हुकूम चालत नाही. ‘आई, सूज उतरेपर्यंत दोऱ्यात ओवून गळ्यात ठेवा’ असे म्हटले तर बहुधा ऐकले जाते. जखम झाली की पाय वर ठेवावा असे शल्यचिकित्सक सांगतात, पण फुफ्फुसांत पाणी असलेल्या रुग्णाचे पाय उंचावले की पायातले पाणी हृदयाकडे परतते आणि धाप वाढते. अशा वेळी धापेचा मान आधी: पाठ उंच, पाय खाली, आणि श्वास सुधारल्यावर पाय थोडे थोडे वर. सुजेवर घट्ट पट्टा किंवा दाबमोजे चढवण्यापूर्वी पायाच्या नाडीची तपासणी झालीच पाहिजे, कारण मधुमेह्याच्या पायातील रक्तपुरवठा आधीच तोकडा असू शकतो.

रुग्णालयात साखर किती कडक ठेवावी, याबद्दल एके काळी ‘जितकी कमी तितकी चांगली’ असे मानले जाई. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागांतील सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत साखर अगदी कडक ठेवलेल्या गटातच मृत्यू अधिक झाले. आज दाखल झालेल्या बहुतेक रुग्णांसाठी 140 ते 180 ही मर्यादा पुरेशी मानतात. तक्त्यावरचा 170 हा आकडा पाहून नातेवाईक अस्वस्थ होतात, तेव्हा तो निष्काळजीपणा नसून निर्णय आहे, हे समजावून सांगावे लागते.

परिचारिकेच्या या कामाचे मोल केवळ भावनिक नाही. अमेरिकेतील सेंट लुइस येथे मायकेल रिच आणि सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या 282 हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर केलेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला परिचारिकेच्या पुढाकाराने शिक्षण, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी आणि घरी गेल्यावर पाठपुरावा दिला. पुढच्या 90 दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण त्या गटात निम्म्याहून खाली आले. त्यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. आपल्याकडे एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे पाहिले, तर इतका वेळ ती कोठून काढणार हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर परिचारिकेकडे नसून पदे भरणाऱ्यांकडे आहे.

घरी वजनकाटा नसेल तर गावच्या उपकेंद्रात तो असतो. तेवढे चालणेही जमत नसेल तर परकराची नाडी कालच्या गाठीला बसत नाही, चपलेचा पट्टा आज लागत नाही, बांगडी वर सरकत नाही, या खुणाही कळवण्याजोग्याच आहेत. त्या दिसल्या की पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.